बसने नाही

शिवकाशीत रत्नवेल अण्णाचींच्या फटाक्यांच्या दुकानात मी सहा वर्षं काम केलं, पण गिऱ्हाइकाचं तोंड फारसं कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईक फोनमध्ये असायचं. त्यांच्याच छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही पाच बायका पाच फोन घेऊन बसायचो, आणि आडी महिन्यापासून, म्हणजे जुलैपासून, दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नसायची. कुणी सेलमहून विचारतंय, कुणी होसूरहून, कुणी थेट बेंगळुरूहून. खोक्यात काय काय येणार, फुलबाज्या किती, भुईचक्रं किती. आणि शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न, पाठवणार कसं?

त्याचं उत्तर अण्णाचींनी फोनमध्ये आधीच भरून ठेवलं होतं. एक बटण दाबलं की वाक्य जायचं : ‘सुरक्षित पार्सल सेवेने घरपोच.’

खरं तर घरपोच कधीच काही जात नसे. फटाके न्यायचा परवाना असलेली एक लॉरी सर्व्हिस होती. ती माल मोठ्या गावातल्या आपल्या गोदामात उतरवायची, आणि गिऱ्हाइकाने तिथे जाऊन तो सोडवून आणायचा. हे त्याला कळायचं माल निघाल्यावर. माणसं चिडायची, वाट्टेल ते बोलायची, पण सण तोंडावर आलेला असायचा, मग जाऊन घेऊन यायची. आम्हीही म्हणायचो, चालायचंच.

माझी आई तीस वर्षं फटाक्यांच्या वाती वळायच्या कामावर होती. आमच्या घरात काडेपेटी सगळ्यात वरच्या फळीवर असायची, आणि कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आई चुलीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. फटाक्याची दारू कुठे ठेवायची, कशाजवळ ठेवायची नाही, हे आमच्या गावात पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. मला कळत नव्हतं असं मी कुणालाच सांगू शकत नाही.

त्या वर्षी दिवाळीला अकरा दिवस उरले असताना लॉरी सर्व्हिसने बुकिंग बंद केलं. गोदामं भरली होती. आमच्याकडे तर ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या. दोन दिवस अण्णाची फोनवर कुणाकुणाशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी ते वर आले. कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. आम्हाला चहा मागवला आणि म्हणाले, “सोय झाली. आजपासून माल निघेल.”

सोय म्हणजे काय ते मला खाली पॅकिंगच्या खोलीत गेल्यावर कळलं. सोलैराज नावाचा आमचा पॅकिंगवाला खोक्यांवर नव्या चिठ्ठ्या डकवत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘दिनदर्शिका’.

“एवढ्या दिनदर्शिका कधी छापल्या आपण?” मी विचारलं.

“छापल्या ना. फाडल्या की आवाज येतो अशा.” तो हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, “स्लीपर बसच्या डिकीत जाणार आहेत, ईश्वरी. ड्रायव्हरनासुद्धा माहीत नाही. तू वर जा, तुझं काम कर.”

मी वर गेले. अण्णाचींना विचारलं, “अण्णाची, गिऱ्हाइकांना काय सांगायचं? बसने येणार म्हणून सांगू?”

“फोनमध्ये जे आहे तेच सांगायचं. बसही पार्सल सेवाच आहे की.”

“बसमध्ये माणसं असतात.”

“लॉरीत काय देव असतात?” ते म्हणाले. बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले असेन.

अर्थनारी नावाच्या गृहस्थांचा फोन त्याच दुपारी आला. सेलमच्या अलीकडे संगगिरी आहे, तिथले. वीज मंडळात लाइनमन होते, निवृत्त झालेले. मुलगी आणि नात दिवाळीला यायच्या होत्या, तेवढ्यासाठी एक मध्यम खोकं त्यांना हवं होतं. त्यांनी मेसेज करून विचारलं होतं, कसं पाठवणार. मी बटण दाबलं होतं. त्यावर त्यांनी परत तेच विचारलं, मी परत बटण दाबलं. मग फोनच केला.

“बाई, पार्सल सेवा म्हणजे काय? लॉरी, रेल्वे, काय ते नीट सांगा ना.”

“अय्या,” वडीलधाऱ्या माणसाला आम्ही असंच म्हणतो, “काळजी करू नका. सुरक्षित येईल.”

“सुरक्षित हा शब्द मला नका सांगू. चाळीस वर्षं तारांवर काम केलंय मी. ज्या खांबावर सुरक्षित लिहिलेलं असायचं त्यालाच आम्ही आधी टेस्टर लावायचो.” ते बोलताना थोडं थांबून थांबून बोलायचे. “आमच्या इथे गेल्या वर्षी एकाचा माल प्रवासी बसने आला. मला तसला नको. त्यात लोक झोपलेले असतात. लॉरीने येणार असेल तर पाठवा, मी सेलमला जाऊन घेऊन येईन. नाहीतर राहू दे, नातीला फुलबाज्या इथल्याच घेईन.”

मी म्हटलं, विचारून कळवते. विचारायला मी कुणाकडे गेले नाही. समोर आणखी वीस जण उत्तराची वाट बघत होते. अण्णाची संध्याकाळी कुणाच्या हातून किती ऑर्डरी निसटल्या ते बघायचे, आणि त्या आठवड्यात माझ्या दोन निसटल्या होत्या. मी फोन उचलला आणि स्वतःच्या बोटांनी टाइप केलं, ‘बसने नाही.’

त्यांनी लगेच उत्तर दिलं, ‘बरं. नंद्री.’ आभार मानले त्यांनी माझे.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पोलिसांच्या कागदांतून आणि लोकांच्या बोलण्यातून जे कळलं ते सांगते. बस सकाळी सव्वासहाला संगगिरीच्या बायपासला पोचली. त्याआधी बसच्या क्लीनरने खोक्यावरच्या नंबरला फोन केला होता, तुमचं पार्सल आहे, बायपासला या, बस जास्त थांबणार नाही. अर्थनारी मोपेड घेऊन गेले. बस कशी काय, असा प्रश्न त्यांना पडलाच असणार. मुलगी आधीच येऊन राहिली होती; घरून निघताना तिला एवढंच म्हणाले, “बघून तरी येतो, काय पाठवलंय त्यांनी.”

क्लीनरचं नाव चिन्नदुरै. बावन्न वर्षांचा, ओट्टनचत्रमचा. त्याने डिकी उघडली. मदुरैला कुणीतरी मोटरसायकल चढवली होती, ती वाटेत कलंडून आमच्या खोक्यांवर पडली होती. टाकीतलं पेट्रोल झिरपलेलं. खोकं गाडीच्या स्टँडखाली अडकलं होतं. त्याच्या दृष्टीने त्यात कॅलेंडरं होती. कॅलेंडरांचं खोकं माणूस जसं ओढेल तसं त्याने ओढलं, पाय लावून, हिसका देऊन. स्टँड घासून ठिणगी उडाली आणि सगळी डिकी पेटली.

बसमधले बरेचसे लोक जागे झाले होते, म्हणून सगळे वाचले. काचा फोडून उतरले, कुणाचे हात कापले, कुणाचे पाय मोडले. चिन्नदुरै जागच्या जागी गेला. अर्थनारी त्याच्या मागे दोन हातांवर उभे होते.

साडेनऊला मी खोलीत येऊन फोन सुरू केला. अर्थनारींच्या नंबरवरून मेसेज आला होता. आधी जळक्या खोक्याच्या एका कोपऱ्याचा फोटो, त्यावर अर्धवट ‘दिनद’ एवढं उरलेलं. खाली लिहिलं होतं, ‘मी त्यांची मुलगी पूंगोडी. अप्पा हॉस्पिटलमध्ये आहेत. तुम्ही बसने नाही म्हणाला होतात.’

मी ते वाचत असतानाच अण्णाची वर आले. त्यांना कळलं होतं. त्यांनी सगळे फोन टेबलावर ठेवायला लावले आणि संगगिरीचं बोलणं कुणाच्या फोनवर आहे ते विचारलं. माझा फोन घेऊन त्यांनी ते सगळं वरून खालपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

“हे बसने नाही कुणी लिहिलं?”

“मी.”

“मी असं लिहायला सांगितलं होतं? मी पार्सल सेवा म्हटलं होतं. खोटं बोल असं मी तुला कधी म्हटलंय, ईश्वरी?”

आणि खरंच, त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं.

“पुसून टाक,” ते म्हणाले. “तुझ्यासाठीच सांगतोय. तुझ्याच हातचं आहे ते.”

मी पुसलं. अर्थनारींनी आभार मानले होते तेही त्यात गेलं.

अण्णाची वकिलाकडे गेले. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मी खाली सोलैराजकडे गेले आणि विचारलं, “आणखी किती खोकी बसमध्ये आहेत?”

“मला कशाला विचारतेस.”

“सोलैराज अण्णा, तिथे एक माणूस मेलाय.”

त्याने माझ्याकडे न बघता वही पुढे सरकवली. काल आणि आज सकाळी मिळून एकतीस खोकी सात बसमध्ये चढली होती. काही बस अजून रस्त्यात होत्या. मी नंबर उतरवून घेतले, घरी गेले, आणि माझ्या स्वतःच्या फोनवरून एकेकाला सांगत सुटले. तुमचा माल बसने येतोय, त्यात फटाके आहेत, क्लीनरला सांगा, ओढू नका, उन्हात ठेवू नका, गाडीपासून लांब उतरवून घ्या.

एक जण म्हणाला, “आत्ता सांगताय होय?” कोईमतूरच्या एका बाईंनी विचारलं, “म्हणजे दिवाळीच्या आत मिळेल ना पण?” एकाने मी कोण ते विचारलं, मी नाव सांगितलं, तर त्याने फोन ठेवला. दोन बसवाल्यांचे नंबर मिळाले, त्यांनाही सांगितलं. तिरुप्पूरच्या अलीकडे एकाने बस थांबवून सगळी डिकी रस्त्याच्या कडेला रिकामी केली आणि मला जे काही ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. आई दारात बसली होती. शेवटचा फोन झाल्यावर म्हणाली, “आता त्यांच्याकडे जा.”

चौथ्या दिवशी मी सेलमच्या हॉस्पिटलात गेले. जळीत वॉर्डाबाहेरच्या बाकावर पूंगोडी बसली होती. माझ्याच वयाची. मी नाव सांगितलं तेव्हा ती उठली नाही, ओरडली नाही.

“काय हवंय, अक्का?”

“अय्या कसे आहेत?”

“बोलत नाहीत. काल एकदा म्हणाले, त्या क्लीनरला मी सांगायला हवं होतं. डिकी उघडली तेव्हा त्यांना वास आला होता म्हणे.” ती माझ्याकडे वळली. “एकच सांगा. तुम्हाला माहीत होतं? का तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं?”

मला वाटतं, मी ‘नाही’ म्हणावं असं तिला हवं होतं. म्हटलं असतं तर तिने ते घेतलं असतं.

“माहीत होतं,” मी म्हटलं.

“मग मला सांगून काय उपयोग. जिथे सांगायचं तिथे सांगा.”

मी तिथूनच पोलीस स्टेशनला गेले. चिठ्ठ्या, बस, एकतीस खोकी, फोनमधलं वाक्य, सगळं सांगितलं. माझं ‘बसने नाही’ही सांगितलं. इन्स्पेक्टरने दोनदा विचारलं, “मालकाने लिहायला लावलं ना?” मी म्हटलं, “ते नाही. ते मी लिहिलं.” त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, बाई, वकील केलाय का?

अर्थनारी नवव्या दिवशी गेले. त्या दिवशी दिवाळी होती.

अण्णाची तीन आठवडे आत होते. आता जामिनावर आहेत, आणि त्यांच्या मेहुण्याच्या नावाने नवं दुकान सुरू झालंय. मेसेजचं उत्तर आता ‘विश्वासू वाहतूक सेवेने’ असं जातं, असं तिथे काम करणारी एक बाई मला म्हणाली. मी दुसऱ्या एका छापखान्यात पुठ्ठे चिकटवायच्या कामाला लागलेय. गावात काही जण माझ्याशी बोलत नाहीत. फटाक्यांच्या धंद्यावर सगळ्यांचं पोट आहे, त्यामुळे मला त्यांचा राग येत नाही.

मध्ये एकदा मी ओट्टनचत्रमला चिन्नदुरैच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“त्यांना ठाऊक होतं का, आत काय आहे?”

“नाही. चिठ्ठीवर दिनदर्शिका होतं.”

ती खाली बसली. “लोक म्हणतात, पैसे खाऊन नेलं असेल. पोरी शाळेतून रडत येतात.” मग म्हणाली, “हे तुम्ही कोर्टात म्हणाल?”

मी म्हणाले. गेल्या महिन्यात तारीख होती. आरोपींच्या यादीत मी चौथी आहे, तरी न्यायाधीशांनी मला बोलू दिलं, आणि चिन्नदुरैला आत काय आहे ते माहीत नव्हतं हे मी सांगितलं. चिन्नदुरैची बायको मागच्या बाकावर दोन्ही पोरींना घेऊन बसली होती. माझं झाल्यावर तिने धाकटीला उठवलं, पदराने तिचं तोंड पुसलं, आणि त्या बसस्टँडकडे निघून गेल्या.