एका पत्त्याच्या दोन विहिरी

"तार काढलीये मी! ही बघा, हातात आहे माझ्या! मग उत्तर देतंय कोण?" नौफल लॅपटॉपवरच खेकसला. तरी पडद्यावर दोन नंबरची विहीर चालूच दिसत होती.

दोन नंबरच्या विहिरीवरची पत्र्याची पेटी उघडी होती. आत तळहाताएवढा संगणक-बोर्ड, उन्हाळ्याआधी त्यानेच बसवलेला. ऑफिसात पडद्यावरचं बटण दाबलं की तारेतून हुकूम यायचा आणि बोर्ड पंप सुरू करायचा. हल्ली ही विहीर कधी ओ द्यायची, कधी नाही. म्हणून पाणीसंस्थेने त्याला बोलावलं होतं.

खजुरीच्या सावलीत ताहरकाका हौदातून पाण्याचे डबे भरत होते. उन्हाळ्यापर्यंत इथले राखणदार तेच. रात्री पंप वाजला की उठून मबरूका नावाच्या विधवेच्या शेताकडचं पाटाचं दार उघडायचं, एवढंच काम. पण तिची खजुरीची नवी रोपं भर उन्हाळ्यात वाळली. "पंप वाजलाच नाही हो," काका सांगत राहिले. पडदा म्हणत होता, रोज रात्री चालला. आता पडद्याला खोटं कोण पाडणार? म्हातारा झोपला, पाणी वाळूत गेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि काकांना घरी बसवलं. "यंत्र खोटं बोलत नाही, साहेब," असं तेव्हा छातीठोकपणे सांगणारा नौफलच होता.

काका हसले. "आमच्या घरी ये एकदा. नातवाचं नावही ताहरच. बायको हाक मारते मला, ओ देतो तो. मला बापड्याला पत्ताच नाही! आणि वर तीच भांडते, ओ दिलीत ना, मग आला का नाहीत?"

नौफल हसायला गेला आणि एकदम लॅपटॉपकडे वळून बोर्डाचा पत्ता तपासू लागला.

एक नंबरच्या विहिरीवरच्या बोर्डाचं मेमरी कार्ड जसंच्या तसं कॉपी करून त्याने या बोर्डात घातलं होतं. काम लवकर उरकलं म्हणून खूशही झाला होता. ज्या आकड्यांनी ऑफिस बोर्डाला हाक मारतं, तो पत्ता तेवढा बदलायचा राहिला. ऑफिस दोन नंबरला हाक मारायचं आणि आधीच चालू असलेली एक नंबर ओ द्यायची, चालू आहे म्हणून! आणि ही बिचारी मुकी.

त्याने पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला. तार खोचली, हिरवा दिवा लुकलुकला. चाचणीसाठी लॅपटॉपवरचं बटण दाबताच पंप धडधडला.

काका हातातला डबा टाकून पाटाच्या दाराकडे धावले. अर्ध्या वाटेत थबकले.

"सवय रे," ते ओशाळून म्हणाले. "आता माझं काम नाही ते."

नौफलने पंप बंद केला. गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्याला स्वतःचीच किळस आली.

"काका, तुम्ही झोपला नव्हतात. पंप वाजलाच नव्हता. चूक माझी आहे."

"झोपलो नव्हतो?"

"नाही."

"नक्की ना?" काका तिथेच खाली बसले. "अरे, शेवटी मीही झोपलो असंच धरून चाललो होतो. सगळेच म्हणाले. या वयात डोळा कधी लागला ते कुठे कळतं? मबरूकाची माफी मागून आलो मी. तिची चार रोपं जगली, त्यांना रोज हाताने पाणी घालतोय."

नौफलने तिथूनच पाणीसंस्थेच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. "बरं, झालं ते झालं," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याचं बघू. तसं आता पाटाच्या दारालाही मोटर बसवायचीच आहे, मग राखणदार लागतो कशाला? तूच बसव."

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

नौफलने तेही सांगितलं. काही लपवलं नाही. "शिव्या द्या मला, काका."

"शिव्यांनी रोपं जगतात होय?" काकांनी उठून एक डबा उचलला, दुसऱ्याकडे बोट केलं. "तो घे. मबरूकाला तूच सांग. माझ्यासमोर सांग."

नौफलने डबा उचलला. चांगलाच जड होता. पाणी बुटांवर सांडत तो काकांच्या मागून निघाला.