हातिमच्या सपाता

"चप्पल चावत असती तर फेकून दिली असती. पाय कुठे फेकू?" सनीया मावशी पुटपुटली. इतक्या हळू, की मला नक्की ऐकू जावं.

दवाखान्यातून घरी आणून तिला नुकतंच पलंगावर टेकवलं होतं. अलेक्झांड्रियातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टची जागा आहे. भाजीवाल्याने आणि त्याच्या भावाने तिला खुर्चीसकट चौथ्या मजल्यावर चढवलं. "कांद्याचं पोतं नाहीये रे मी!" जिनाभर तिचं चालू होतं.

दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर येत गेलं होतं. उजवा अंगठा तर शेजारच्या बोटावर चढून बसलेला. आधी बाजार बंद झाला, मग जिना. बाल्कनीतून दोरीने टोपली सोडायची आणि पाव, बातम्या सगळं वर ओढून घ्यायचं. ऑपरेशन मात्र दर वर्षी पुढे जायचं, कारण सांभाळायला हातिम येणार होता. मॉन्ट्रियलला असलेला तिचा एकुलता एक मुलगा.

"दोन्ही पाय एकदम करून टाका," ती डॉक्टरांना म्हणायची, "त्याला रजा एकदाच मिळते."

"या वयात एका वेळी एकच, आजी. उभं राहायला एक तरी पाय हवा ना?"

यंदा त्याचं येणं पक्कं होतं. मावशीने दलिया भरलेली कबुतरं फ्रीझरमध्ये रचून ठेवली. आमच्या इजिप्तमध्ये ती आजाऱ्याला खाऊ घालतात. हिने केली ती मुलासाठी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पिशवी भरली आणि तिच्याबरोबर गेले.

आता उजव्या पायाच्या बँडेजवर दवाखान्याचा जाड तळव्याचा बूट होता. दुसऱ्या पायातही तेवढंच जाड काही घाला, नाहीतर तोल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात तसं एकच होतं. हातिमसाठी आणलेल्या सपाता, दाराशी, लेबलासकट.

मी डावी सपात उचलली.

"ठेव ती, नजवा. मुलाला उष्टी सपात देऊ का?"

"एकच घालायचीय. दुसरी कोरीच राहील."

"मग तो काय लंगडी घालत फिरेल घरात?"

दोघी हसलो. ते हसू लवकर संपलं.

हट्टाने ती आपली झिजलेली चप्पल घालून उठली, आणि एका बाजूला कललीच. मी कवेत धरली. तिच्या केसांना दवाखान्याचा वास येत होता. 'येईल गं पुढच्या महिन्यात' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. इतकी वर्षं मी तेच म्हणत आलेय. म्हणायला काही लागत नाही.

तिला पुन्हा बसवलं. बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली. मग तिने तो दुसरा, अजून वाकडाच असलेला पाय माझ्यापुढे केला. मी सपात चढवली. पुरुषी, ऐसपैस. बाहेर आलेलं हाड आत अलगद मावलं.

"केवढी मोकळी आहे," ती म्हणाली. पाय इकडून तिकडून वळवून पाहिला.

"लेबल काप, नजवा. तो नाही यायचा."