दिवसा डोळे मिटणारा सरडा

लिफ्टमधली पाटी: या इमारतीत कुत्री, मांजरं पाळण्यास मनाई आहे.

तयार भाताच्या डब्यावर: एका माणसापुरता भात. डब्याचं झाकण बोटभर उघडायचं, दोन मिनिटं गरम करायचा.

इथली घरं फरशीखालून तापवतात. जुन्या घरांत चुलीलगतची फरशी सगळ्यात उबदार. ती जागा वडीलधाऱ्यांची, नाहीतर पाहुण्याची.

बायकोपोरांना शिकायला परदेशी धाडून मागे एकट्या उरलेल्या बापाला आमच्याकडे रानहंस म्हणतात.

शॅमेलिऑन सरड्याचा एक डोळा पुढे बघत असताना दुसरा मागे बघू शकतो.

*

मा दुशिक, वय बावन्न, चांगवॉन शहरातल्या एका कारखान्यात फोरमन. बायको आणि मुलगा ग्योम कॅनडाला गेल्याला चार वर्षं झाली होती. संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी असावं, एवढंच त्याला हवं होतं. कुत्र्याला मनाई होती. सरड्याचं नाव पाटीवर नव्हतं.

पाळीव प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनात सात शॅमेलिऑन मांडले होते. हात पुढे करताच सहा जण फुगले, फिस्कारले. सातवा निमूट हातावर आला आणि डोळे मिटून बसला.

"हा माझ्यासारखा," दुशिक मनात म्हणाला, आणि त्यालाच घेऊन आला.

काचेची पेटी आणली. तळाला मऊ कापड, कोपऱ्यात पाण्याची वाटी. डिसेंबरचा कडाका, म्हणून तापलेल्या फरशीवरची सगळ्यात उबदार जागा त्याने सरड्याला दिली. वरून पांघरूण घातलं आणि स्वतः गार बाजूला सरकून झोपला. पाहुण्यासाठी माणूस आणखी काय करणार!

रोज संध्याकाळी तो सरड्याला तळहातावर घेई आणि दिवसभराचं सांगत बसे. सरडा डोळे मिटून ऐके. म्हणजे, दुशिकला तसं वाटे.

आठव्या दिवशी सरडा काळपट पडला. किडा पुढे धरला तरी तोंड उघडेना. डोळे आत गेले.

कारखान्यात धाकटा सहकारी फ्योन म्हणाला, "दादा, आधी वहिनी गेल्या, आता सरडाही निघाला? तुमच्या हातच्या जेवणातच काहीतरी आहे!"

सगळे हसले. दुशिकचा चेहरा बघून फ्योन जवळ आला. "बाजारामागे थाक बाईंचं सरड्यांचं दुकान आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि जा. तोंडाळ आहेत, पण त्यांना कळतं."

*

थाक बाई साठीच्या. सरड्याकडे एकदा आणि दुशिककडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ठेवलाय कुठे?"

"खाली. सगळ्यात उबदार फरशीवर."

"आणि वर पांघरूण?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"इथे येणारा प्रत्येक दुसरा माणूस तेच करतो. अहो, हा तुमचा सासरा आहे का? झाडावरचा जीव हा! याची ऊब वरून येते, सूर्यासारखी. खाली ठेवलात की येणारा-जाणारा प्रत्येक पाय याला शत्रू. आणि वाटीतलं पाणी याला कळतच नाही. पानावरचा थेंब चाटतो हा."

"पण स्वभावाने फार शांत आहे हो. हातावर घेतला की डोळे मिटतो."

"दिवसा डोळे मिटणारा सरडा शांत नसतो. आजारी असतो, नाहीतर भ्यालेला. फिस्कारणारा निवडायचा होता." बाई त्याच्याकडे वळल्या. "खरं सांगा, तुम्हाला सरडा हवा होता की माणूस?"

दुशिक सरड्याकडे बघू लागला.

"हा तुमच्याकडे कधी धावत येणार नाही. याला एकटंच बरं वाटतं. रोज हातात घेता, तेव्हा याला वाटतं, आज पुन्हा कुणीतरी धरलं."

"मी माया करतो त्याच्यावर!"

"करत असाल हो! पण सोय कुणाची बघितलीत?"

निघताना त्या म्हणाल्या, "जाळीचा उंच पिंजरा, आत मनीप्लँट, वर उन्हासारखे किरण देणारा दिवा, पानांवर ठिबकतं पाणी. जागा तुमच्या डोळ्यांपेक्षा उंच आणि उजेडाची. दोन दिवसांत प्यायला तर वाचला."

*

घरात उजेडाची खोली एकच होती. ग्योमची. चार वर्षं बंद, जशीच्या तशी.

दुशिकने मुलाला फोन लावला. तिकडे ग्योम नुकताच जेवून उठला होता.

"तुझी खोली... जरा हलवली तर चालेल?"

"ती अजून तशीच आहे?" मुलगा हसला, मग हसायचा थांबला. "बाबा, मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ते डायनासोर देऊन टाका कुणाला तरी."

दुशिकने डायनासोर खोक्यात भरले. बाईंनी सांगितला तसा पिंजरा आणून कपाटावर चढवला. पहिला दिवस तो दाराबाहेरच बसला. हात पुन्हा पुन्हा कडीकडे जाई. तो मागे घेई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीप्लँटच्या पानावरून एक थेंब ओघळला. सरड्याने एक डोळा उघडला. मान पुढे केली. गळा हलला! पुन्हा हलला! प्यायला!

दुशिक दारातच उभा राहिला. सरड्याने त्याच्याकडे पाठ केली आणि तो वरच्या फांदीवर गेला.

*

मित्रहो, जीव घरी आणण्याआधी त्याचं घर आणा. आपल्याला जे उबदार वाटतं ते दुसऱ्याला सोसेलच असं नाही. विचारा, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे नीट बघा. आपलं एकटेपण दुसऱ्याला पेटीत ठेवून कमी होत नाही. दुशिक आजही बहुतेक दिवस एकटाच जेवतो. फक्त आता ग्योमला फोन केला की तो आधी विचारतो, आणि मग ऐकतो.

थाक बाईंची एकुलती एक मुलगी लग्न करून परदेशी गेली, त्याच वर्षी त्यांनी ते दुकान उघडलं होतं.