बावखल रंगवलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना नाटकाचा पडदा आहे. माझं वय विचारू नका. मांजरपाटाचे सात पट्टे जोडून मला शिवलं आणि गिरीज गावच्या हरेश्वर पेंटरने माझ्यावर अख्खं गाव रंगवलं: केळीच्या वाड्या, नारळ आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी पोटात घेऊन विहिरी भरत्या ठेवणारं वाडीतलं तळं. त्याचा गडद हिरवा रंग अजून टिकून आहे, याचा मला अभिमान वाटतो.

दरवर्षी नाटकाआधी मला उलगडायचे. गावात वर्षभरात जे बदललं ते माझ्यावरही बदलायचं, पण सगळ्यांना विचारून, असा आमचा रिवाज होता. नवं घर आलं, रंगवा. आंबा पडला, पुसा. खरं सांगायचं तर नाटकापेक्षा त्यावरून होणारी भांडणंच जास्त रंगायची.

एका वर्षी बावखलात मातीचा भराव पडला. जागेच्या मालकाने हरेश्वरला माझ्यावरचं तेवढं पाणी पुसायला सांगितलं. हरेश्वरने रिवाजाप्रमाणे सगळ्यांना विचारलं.  मंडपात बसलेली भाजी विकणारी बायजा उठली.

"पुस. पन आधी सांग, पावसाचं पानी कुनाच्या घरात सोडायचं?"

त्या दिवशी नाटक झालंच नाही. माणसं तशीच उठून बावखलावर गेली आणि भराव उपसू लागली. दुसऱ्या दिवशी भराव थांबवा म्हणून सह्यांचा अर्ज पालिकेत पोचला. माझा ऊर भरून आला होता.

पुढे हरेश्वर वारला. त्याचा मुलगा अल्पेश गावच्या नाटकमंडळाचा अध्यक्ष झाला. त्याने फ्लेक्सचा झगमगीत पडदा आणला, त्यावर परदेशातले डोंगर. त्या डोंगरांबद्दल गावाला काय विचारणार? विचारणंच बंद झालं. आता माणसं ऑर्केस्ट्रा ऐकून घरी जातात.

गेल्या आठवड्यात अल्पेशने मला मातीचा भराव आणणाऱ्या डंपरवाल्याला देऊन टाकलं. धूळ उडू नये म्हणून डंपरवाल्याने मला बावखलाच्या काठी नव्या भरावाच्या ढिगावर पसरलंय. मला फार भीती वाटते.

आज सकाळी फुलं विकायला निघालेल्या गावातल्या प्रिस्काने मला पाहून स्कूटर थांबवली. "हे तर आपलंच बावखल," ती हळूच म्हणाली. तिने फोटो काढला आणि गेली. तो मोबाइलवर पाहून चार जणांनी छान म्हटलंही असेल. दुपार झाली, कोणी आलेलं नाही.

मित्रांनो, चित्र नुसतं पाहू नका. त्याच्यासमोर एकत्र बसा, भांडा आणि मग उठून कामाला लागा. पण लवकर या. हा ढीग बावखलात लोटायला जेसीबी सुरू झालाय, आणि मला ढिगावरून ओढून काढायला एक माणूस इकडे येतोय.