उडीखालचं टेबल

मित्रांनो, ज्या गावात माणसं टेबलं मोडण्यासाठी गाडीच्या टपावरून उड्या मारतात, त्याच गावातलं मी एक जुनं टेबल आहे. आता तुम्हीच सांगा, माझं आयुष्य कसं गेलं असेल?

माझा जन्म अमेरिकेतल्या बफेलोत झाला. रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात केझ व्होइनार नावाचा सुतार होता. भंगारात निघालेल्या मालगाडीच्या डब्याच्या तळाच्या, मॅपल नावाच्या टणक लाकडाच्या फळ्या त्याने उतरवून आणल्या, रंधून गुळगुळीत केल्या आणि त्यांना लोखंडी नळीचे चार पाय बसवले. पोलिश वस्तीतल्या चर्चच्या सभागृहासाठी त्याने अशी सहा टेबलं केली. त्यांतलं मी शेवटचं. मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागायची, आणि दोघंही उचलताना केझच्या नावाने बोटं मोडायची.

सभागृहातली माझी वर्षं सुखाची होती. दर गुरुवारी केझची बायको लोटी आणि आणखी पाच-सहा जणी माझ्यावर पीठ मळायच्या, पुऱ्या लाटायच्या, त्यांत बटाटा आणि चीज भरून कडा दुमडायच्या. त्या पिरोग्यांसाठी शुक्रवारी दारापर्यंत रांग लागायची. रविवारी प्रार्थना संपली की माझ्याच भोवती बसून पुरुष फुटबॉलवर वाद घालायचे. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून समोरच्यांच्या अंगावर धावत जायचा खेळ. बायकांनी त्या वादात पडायचं नाही असा रिवाज होता. लोटीने तो पहिल्याच वर्षी मोडला.

लोटीची मतं मी साठ वर्षं ऐकली. अजून पाठ आहेत.

मियामीच्या संघाबद्दल ती म्हणायची, "बर्फ पडला की त्यांचे हात खिशात जातात. खिशात हात घालून चेंडू कोण झेलणार?" डॅलसचं नाव काढलं की नाक उडवायची. "टोपीवर चांदणी काढली की सगळ्या देशाचे लाडके झाले का हे?" न्यूयॉर्कचं नाव लावणारे दोन संघ शेजारच्या राज्यात जाऊन खेळतात, याचा तिला भारी राग. पिट्सबर्गबद्दल मात्र ती हळू आवाजात बोलायची, कारण ते लोकही आमच्यासारखेच, पोलादाच्या भट्टीतून घरी येणारे. आणि न्यू इंग्लंड? वीस वर्षं त्यांनी आम्हाला तुडवलं. तरी एकदा ती केझच्या भावाच्या, नॉर्बच्या कानात म्हणाली, "शिस्त शिकावी तर त्यांच्याकडून. पण हे मी मेल्यावरच लोकांना सांग."

खेळाडूंतही तिची नजर वेगळीच. चेंडू फेकणाऱ्याचं कौतुक सगळं गाव करतं. लोटी त्याच्या डावीकडे उभा असलेल्या धिप्पाड राखणदाराकडे बघायची. फेकणाऱ्याची पाठ तो सांभाळतो. "त्याचं नाव कोणाला आठवत नसेल, तर समजायचं त्याने काम चोख केलं," असं ती म्हणायची. हे वाक्य मला फार आवडायचं. माझंही नाव कोणाला आठवत नव्हतं.

मग आमचा संघ लागोपाठ चार वर्षं अंतिम सामन्यात गेला आणि चारही वेळा हरला. तेव्हापासून या गावाला भीतीच बसली. आघाडीवर असतानासुद्धा कोणी "जिंकणार" असं म्हणत नसे. म्हणालाच तर शेजारचा त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांमधून धाडायची वेळ आली की लोटी पाठ फिरवायची. ती भीती हळूहळू माझ्याही लाकडात मुरली.

केझ गेला. काही वर्षांनी चर्चही बंद झालं. माझी पाच भावंडं कुठे गेली, मला ठाऊक नाही. मला मात्र लोटीने नॉर्बच्या व्हॅनमध्ये चढवायला लावलं आणि त्याच्या घरी ठेवलं. त्यानंतर दर सामन्याच्या दिवशी मी मैदानाबाहेर, गाड्यांच्या तळावर उभा राहू लागलो. तिथे सकाळपासून हजारो माणसं गाड्यांमागे शेगड्या पेटवतात. माझ्यावर सॉसेज, वर जाडं मीठ लावलेले पाव, किसलेला तिखट मुळा आणि कोंबडीच्या पंखांची परात असायची. पंखांबरोबर कोणी आमच्या गावची सोडून दुसरी चटणी मागितली की नॉर्ब विचारायचा, "कुठल्या गावचा रे तू?"

आणि तिथेच मी पहिल्यांदा ते बघितलं.

समोरच्या गाडीच्या टपावर एक जाडजूड माणूस चढला. खाली प्लॅस्टिकचं पांढरं टेबल होतं. लोक "टेबल! टेबल!" असं ओरडत होते. माणसाने हात पसरले आणि पाठीवर पडला. धाडकन आवाज झाला. टेबलाचे मधोमध दोन तुकडे झाले, पाय चार दिशांना गेले, आणि माणूस हसत उठला. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. टेबल तिथेच चिखलात पडून राहिलं. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला झोप नाही. दर सामन्याला आजूबाजूला दहा-वीस टेबलं मोडायची. असं केलं की संघाचं नशीब उघडतं, अशी लोकांची समजूत झाली होती. जवळ कोणी टपावर चढलं की माझे लोखंडी पाय गार पडायचे. आज माझी पाळी, असं मला दर वेळी वाटायचं. मी कशाचा बनलो आहे, हे त्या भीतीत मी पार विसरून गेलो होतो.

लोटीची नात मार्सी चोवीस वर्षांची. ती एका इस्पितळात रुग्णांना चालायला शिकवायची. सकाळची पाळी संपवून ती थेट मैदानावर यायची, तोवर नॉर्बने कोणाच्या तरी मदतीने मला उतरवून, झाकून, वाढून ठेवलेलं असायचं. तिने मला कधी उचललं नव्हतं. उघडं बघितलंही नव्हतं. त्या वर्षी नॉर्बने माझ्यावर निळी-लाल प्लॅस्टिकची चादर घातली होती. तशीच चादर त्या तळावरच्या निम्म्या टेबलांवर होती.

मागच्या आठवड्यात मार्सीच्या मैत्रिणीने टेबल मोडलं होतं आणि आम्ही जिंकलो होतो. या आठवड्यात हरलो तर मोसम संपणार होता. म्हणून आज उडी मार्सीची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आजची माझी," मार्सी आल्या आल्या म्हणाली. "बाबचा, तू फक्त बघ."

बाबचा म्हणजे लोटी. पोलिश भाषेत आजीला बाबचा म्हणतात. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आपला नवा फेकणाराही असाच. समोरच्याच्या डोक्यावरून उड्या मारतो. मी म्हणते, मेल्या, तुझे गुडघे तुझ्या एकट्याचे आहेत का?"

"त्या उड्यांनीच तर जिंकतो आपण!"

"जिंकतो शब्द काढू नकोस!" नॉर्ब चिमटा उगारून ओरडला.

लोटी म्हणाली, "मार हो उडी. पण त्या हलक्या टेबलावर मार. आणि मी नसताना मार. मला बघवत नाही."

एवढं बोलून ती नॉर्बचा हात धरून शौचालयाच्या रांगेकडे निघाली. त्याआधी गावालगतच्या सरोवरावरून वारा सुटला होता म्हणून नॉर्बने माझ्यावरची सगळी भांडी व्हॅनमध्ये ठेवली होती. मी रिकामा, नुसती चादर पांघरून उभा होतो. चादरीच्या चार कोपऱ्यांना चिमटे लावलेले होते.

तेवढ्यात मार्सीच्या मैत्रिणींनी आणलेलं प्लॅस्टिकचं टेबल वाऱ्याने उचललं. ते गरगरत तीन रांगा पलीकडे गेलं आणि एका ट्रकच्या चाकाखाली आलं. मुली हसून हसून वाकल्या. मग मार्सी थांबली.

"उडी नाही मारली तर नशीब फिरेल," ती म्हणाली.

"अगं, ते बघ ना! रिकामंच आहे," मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"ते नॉर्बकाकाचं आहे."

"त्याला दुसरं आणून दे. प्लॅस्टिकची सगळी सारखीच."

दोघींनी शेजारचा पिकअप ट्रक, त्याच्या टपाची कड बरोबर माझ्या वर येईल इतका पुढे घ्यायला लावला. मार्सी चढली. लोक जमले. "टेबल! टेबल!"

तिची सावली माझ्यावर पडली. संपलो, असं मला वाटलं. आता धाडकन आवाज होईल, पाय चार दिशांना जातील. मी माझ्या फळ्या आवळून धरल्या. आणि आवळताना मला त्या जाणवल्या. दोन बोटं जाडीचा मॅपल. जिच्यावरून वर्षानुवर्षं यंत्रांचे सुटे भाग आणि पोलादाच्या गुंडाळ्या नेल्या, ती फळी. मी मोडणार नव्हतो. माझ्यावर ओरखडासुद्धा उठला नसता.

मग मोडणार कोण?

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली खरी भीती तेव्हा सुरू झाली. आधीची सगळी भीती तिच्यापुढे काहीच नव्हती. जिच्या बारशाचा केक माझ्यावर कापला, तिचा कणा आता माझ्यावर पडणार होता. मी मोडण्यासाठी धडपडू लागलो. एखादा पाय दुमडावा, एखादा खिळा निसटावा म्हणून जोर लावला. पण केझने माझ्यात निसटेल असं काही ठेवलंच नव्हतं. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो.

मार्सीने पाठ वळवली. हात पसरले.

रांगेतून परतलेली लोटी गर्दीच्या मागून ओरडत होती. तिचा एक्याऐंशी वर्षांचा आवाज त्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? तिने नॉर्बचा हात सोडला. बर्फातून, लोकांना कोपरांनी ढोसत ती पुढे आली. आधी माझ्या कडेवर बसली. मग बूट वर घेतले, आणि कोटासकट माझ्यावर सरळ उताणी आडवी झाली.

लोकांना वाटलं, म्हातारीही खेळात आली. "बाबचा! बाबचा!" असा घोष सुरू झाला. मार्सीने तो ऐकला आणि मान वळवून खाली बघितलं. तिचे गुडघे वाकलेलेच होते. एक पाय कडेवरून घसरला. तिने टपावरची सळई धरली आणि लोंबकळली.

"बाबचा! वेड लागलं का तुला? बाजूला हो!"

"मार उडी. मी आहे खाली."

"अगं, टेबलच मोडायचंय! नशीब घालवशील सगळ्यांचं!"

"नशीब गेलं खड्ड्यात. हे टेबल मोडत नाही, मार्सी. तुझ्या आजोबाने केलंय. मोडशील तू."

नॉर्ब धापा टाकत पोचला. त्याने चिमटे ओढून चादर फेकून दिली. घोष थांबला. मार्सी मागच्या बाजूने खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि तिने बोटांच्या पेरांनी माझ्यावर टकटक केलं. जाड, भरीव आवाज आला. ज्यांचे कणे दुखावलेत अशा माणसांना ती रोज चालवायची. तिला कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ती तिथेच बर्फात बसली.

"ऊठ आता, लोटी. जिंकलीस," नॉर्ब म्हणाला.

"तो शब्द काढू नकोस," लोटी म्हणाली. "आणि मला उठता येत नाहीये. कंबर धरलीय."

चौघांनी मला तिच्यासकट उचलून व्हॅनपर्यंत नेलं. ती रस्ताभर आकाशाकडे बघत होती आणि तिचा हात माझी कड घट्ट धरून होता.  

त्या दिवशी आम्ही हरलो. तळावरचे लोक आठवडाभर मार्सीला टोमणे मारत होते. "तुझी आजी आडवी झाली आणि आपला मोसम उताणा पडला!" हे लोटीच्या कानावर गेलं. अंथरुणात पडल्या पडल्या ती म्हणाली, "हरलो ते चौथ्या सत्रात डावीकडच्या राखणदाराला दोघांसमोर एकटं सोडलं म्हणून. टेबलाला कशाला बोल लावता?"

ती पुन्हा मैदानावर आली नाही. तिची कंबर सुधारली नाही, आणि दोन हिवाळ्यांनंतर ती गेली. मार्सीने तिला काठीने दारापर्यंत चालायला शिकवलं होतं, तेवढंच.

आता मी मार्सीच्या गॅरेजमध्ये असतो. माझ्या पायांना गंज चढतो आहे. रविवारी सकाळी ती स्वतः येते, वाकून एकेक पाय हलवून बघते, आणि मगच मैत्रिणीच्या मदतीने मला व्हॅनमध्ये चढवते. मला चादर घालू देत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "लोकांना दिसू दे, हे काय आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात, गावात, माझ्यासारखं काही जुनं झाकून ठेवलेलं असेल. त्याच्यावर उडी घेण्याआधी एकदा खाली उतरा. वाका. हाताने झाकण बाजूला करा आणि ते कशाचं बनलं आहे, हे कोणा जुन्या माणसाला विचारा. तेवढ्याने कोणाचं नशीब फिरत नाही.

मला अजूनही मैदानावर भीती वाटते. शेजारच्या रांगेत धाडकन आवाज येतो, लोक गप्प होतात, आणि मी वाट बघत उभा राहतो, त्या माणसाच्या हसण्याची. बहुतेक वेळा ते ऐकू येतं.