छायाच्या काळजातली झडप

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. वय जेमतेम तेवीस. पण दगा झाला की वयाआधीच म्हातारपण येतं. छायाच्या हृदयात, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधोमध माझी जागा.

माझ्या अंगात स्वतःचा जोर नाही. सगळा कारभार दाबाचा. वरच्या कप्प्यातला दाब खालच्यापेक्षा चढला की मी उघडते आणि रक्त खाली उतरतं. मग खालचा कप्पा आवळतो, तिथला दाब चढतो आणि मी मिटते. तो पहिला ठोका. दाब आणखी वाढला की शेजारची झडप उघडते, रक्त अंगभर निघतं. कप्पा सैलावून दाब पडला की ती मिटते. तो दुसरा ठोका. दाब आणखी उतरला की पुन्हा माझी पाळी. दिवसातून लाखभर वेळा!

छाया सेलूला सातवीत असताना तिचा घसा धरला, मग सांधे सुजले. घशातल्या जंतूंवर धावून गेलेले रक्तातले शिपाई मलाच शत्रू समजून ओरबाडू लागले. डॉक्टरांनी बजावलं, दर एकवीस दिवसांनी सुई, खंड नको. छायाने आठ वर्षं पाळलं. मला वाटलं, निभावलं.

मग वडनेरचं स्थळ जमलं आणि तिच्या आईने, आनंदाबाईंनी, डॉक्टरांनी लिहून दिलेला सुईचा कागद पेटीच्या तळाशी दडवला.

"सासरी सुईचं नाव काढू नको वं. रोगी पोरगी म्हणून वापस धाडतीन."

"अन् तरास झाला त?"

"आता बरी हायेस ना?"

बरी होती, कारण मी सोसत होते! सुई थांबली, घसा पुन्हा धरला, शिपाई पुन्हा माझ्यावरच आले. माझ्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्या. आता मला पुरतं उघडता येत नाही. वरच्या कप्प्यात दाब तुंबतो आणि मागे फुप्फुसांत चढतो. छायाला दिवस गेले तशी धाप वाढली. एकदा पाण्याने भरलेला पितळी गुंड उचलताना ती खालीच बसली. सासूबाई शकुंतलाबाईंनी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे छायाने रडत त्यांना सगळं सांगितलं.

"काऊन लपवलं वं पोरी? माह्या नणदेलेही सुई लागे. मीच घेऊन जात होती तिले."

माझा संताप झाला. जिच्यापायी माझा बळी दिला, ती भीती मुळात खोटीच होती!

उद्या नळीतून फुगा आणून मला ताणून उघडणार आहेत. कदाचित मी फाटेनही. छाया आणि तिचं बाळ, दोघांचा जीव माझ्यावर आहे. आज आनंदाबाई भेटायला आल्या. लेकीजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुईचं त्याईले सांगितलं नाई ना?"

छायाने त्यांचा हात धरून छातीवर ठेवला. "हे पाह्य, आई."

दुसऱ्या ठोक्यानंतर रक्त माझ्या फटीतून घासत उतरतं, त्याची थरथर त्या तळहाताला लागली. आनंदाबाईंनी हात काढला नाही.

मित्रांनो, सुईचा कागद पेटीत लपवू नका. भिंतीवर लावा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्या. उद्या मी उघडायचा प्रयत्न करीनच. पण चिकटण्याआधी मला कुणी विचारायला हवं होतं.