वहिनींनी काढून टाकलेला जावा

फुकट मिळालेल्या गोष्टीवर वहिनींचा कधीच विश्वास बसला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं ऑफिसचं सगळं सॉफ्टवेअर फुकट होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही उघडून आत बघावं असं. भाऊजी हे मोठ्या कौतुकाने सांगायचे. वहिनी मनात म्हणायच्या, उघडून बघणारे सगळे काय साधुसंत आहेत?

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. मागच्या खोलीत काचा घासायच्या आणि कॉम्प्युटर सांभाळायचा, ही दोन्ही कामं त्यांची. नवरा गेल्यापासून दुकान वहिनींच्या नावावर होतं आणि भाऊजींना दुसरा आसरा नव्हता. त्यात समोर नवं दुकान उघडलं. जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली, घरी पत्रकं येतात म्हणाली. समोरच्यांना पत्ते कोणी दिले? पत्ते तर कॉम्प्युटरात, आणि कॉम्प्युटर भाऊजींच्या हातात. झालं, वहिनींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुरावा हाती लागला की भाऊजींना नारळ द्यायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

पडद्याच्या कोपऱ्यात जावा नावाचं काहीतरी सारखं डोकं वर काढायचं, मला अपडेट करा म्हणायचं. ना ते लिहिण्याच्या कामाचं, ना बिलाच्या. मग हा उपटसुंभ इथे करतो काय? भाऊजी जेवायला घरी गेले तशी वहिनींनी त्याला मुळासकट उपटून टाकलं. मग पत्र लिहून पाहिलं, बिल छापून पाहिलं. सगळं सुरळीत. म्हणजे हेरच होता मेला! भाऊजी परतले तेव्हा त्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसल्या. भाऊजी पाणी प्याले आणि काचा घासायला गेले. काय पण नाटकी माणूस, असं वहिनींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक बसड्रायव्हर आला, जुनं गिऱ्हाइक. त्याचा चष्मा हरवला होता, डॉक्टरचा कागदही सापडत नव्हता, आणि चष्म्याशिवाय त्याला बस देणार नव्हते. नंबर दुकानात नोंदलेला होताच. वहिनींनी गिऱ्हाइकांची फाइल उघडली, तर पडद्यावर पाटी आली की या कामाला जावा लागेल.

वहिनींचं डोकं तडकलं. हाकलून दिलेला आता अडवून धरतोय होय! त्यांनी भाऊजींना हाक मारली आणि गिऱ्हाइकासमोरच तोंडाचा पट्टा सोडला. पत्ते बाहेर पोचवायला हा तुम्हीच बसवलात, वर तुमच्यावाचून दुकानाचं पान हलू नये अशी सोयही करून ठेवलीत.

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांनी इंटरनेटची वायर काढून वहिनींच्या हातात दिली आणि कपाटातल्या पेनड्राइव्हवरून जावा परत बसवला. काम करता करता हळू आवाजात सांगितलं की लिहिण्याचा आणि आकडेमोडीचा भाग दुसऱ्या भाषेत लिहिलाय, म्हणून तो जावावाचून चालतो. पण गिऱ्हाइकांची माहिती ज्या खणात आहे, तो उघडणारी यंत्रणाच जावा भाषेतली. फाइल उघडली, ड्रायव्हरचा नंबर समोर आला. वायर वहिनींच्या हातातच होती, म्हणजे जावाला बाहेरची वाट लागतच नव्हती.

वहिनी तरी हटेनात. "मग पत्रकं कशी पोचतात लोकांच्या घरी?"

"ताई, ती तर आमच्या अख्ख्या रस्त्यावर वाटली," ड्रायव्हर म्हणाला. "शेजारच्या बंद घरातसुद्धा सरकवून गेलेत."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचा तयार होईपर्यंत ड्रायव्हर बाहेर फेरी मारायला गेला. वहिनी म्हणाल्या, चुकलं माझं, मनाला लावून घेऊ नका. भाऊजींनी नुसती मान हलवली. मग कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायची चौकट उघडून त्यांनी खुर्ची वहिनींकडे सरकवली.

"नवा पासवर्ड तुम्हीच टाका, वहिनी. मला सांगू नका. उद्या काही झालं तर माझं नाव यायला नको."

आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. असं काय करता, वळा ना इकडे, म्हणून वहिनींनी परोपरीने विनवलं, पण ते हलले नाहीत. शेवटी रडवेल्या होऊन त्यांनी काहीबाही टाकलं.

"झालं?" भाऊजींनी भिंतीकडे बघतच विचारलं.

वहिनी डोळे पुसत राहिल्या, आणि भाऊजी तसेच उभे राहिले.